मान सरळ झाली तेव्हा

हे मी ऑपरेशनच्या आधी लिहितेय. नंतर लिहिलं असतं तर जास्त शहाणपणाचं झालं असतं, पण नंतर हात कसा असेल हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. सध्या उजवा हात ऐकतो. अक्षर वाकडं येतं, पण ते शाळेतही वाकडंच होतं, त्याचं खापर मी आजारावर फोडणार नाही.

माझं मीरा रोडला शांती नगरमध्ये छोटं पार्लर आहे. तळमजल्यावर, एका बाजूला फरसाणवाला, दुसऱ्या बाजूला जेंट्स सलून. वय बेचाळीस. नवरा सतीश, काशिमिऱ्याला एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. त्याला मी लग्नाआधीपासून नावानेच हाक मारते, आणि सासरच्या माणसांना ते अजून खपत नाही. मुलगी पुण्यात शिकते. पार्लरमध्ये माझ्या जोडीला रुबीना असते. ती माझ्याच वयाची आहे आणि माझ्यापेक्षा शांत आहे.

माझा आजार मानेतला आहे. ज्यांचं काम मान खाली घालून चालतं, शिवणाऱ्या, इमिटेशन दागिन्यांवर खडे चिकटवणाऱ्या, कॉम्प्युटरवर बसणाऱ्या, त्यांच्यासाठी हे लिहितेय. घाबरवायचा हेतू नाही. पण थोडं घाबरलात तरी चालेल.

दोरा

भुवया कोरायला लागणारा दोरा आम्ही आधी दातात धरायचो. एक टोक दातात, बाकीचा दोन्ही हातांत, मध्ये पीळ, आणि गिऱ्हाइकाच्या कपाळावर वाकून खटखट काम. शिकले तेव्हापासून हेच केलं. कोरोनानंतर मात्र बायकांना तोंडातला दोरा नकोसा झाला. हेतलबेन माझ्याकडे वर्षानुवर्षं येतात, त्यांनी एक दिवस खुर्चीत बसता बसता सांगून टाकलं, "भाभी, मुँह में मत लो ना. मेरेको अब कैसा तो लगता है."

मग दोरा गळ्यात आला. दोऱ्याला मोठी गाठ मारून त्याचा फास करायचा, तो मानेत अडकवायचा, आणि पुढचं टोक हातात घेऊन ओढायचं. गल्लीतल्या सगळ्याच पार्लरांत हे सुरू झालं होतं. दात मोकळे झाले, गिऱ्हाइकाशी गप्पा मारता यायला लागल्या, हेतलबेन खूश. रुबीनालाही मीच ते करायला लावलं. "देख, कितना साफ काम है," असं म्हणाले होते मी तिला, मोठ्या तोऱ्यात.

फास ताठ राहावा म्हणून प्रत्येक ओढीला मान आपोआप पुढे जाते. हात मागे, मान पुढे. गिऱ्हाईक उठलं तरी मान तिथेच राहायची, आणि ते मला कळत नव्हतं.

दुखायला लागलं तेव्हा बाम लावला. बाम पुरेना तेव्हा शेजारच्या सलूनमधल्या कारागिराला सांगितलं. त्याची चंपी आमच्या लाईनीत प्रसिद्ध आहे. मी त्याच्या बायकोचं फेशियल करून द्यायची, तो माझी मान मोडून द्यायचा. हनुवटीखाली एक हात, डोक्यामागे दुसरा, आणि एकदम झटका. कडकट् असा आवाज आला की सतीशसुद्धा दाद द्यायचा. 

रक्ताचा ठिपका

लग्नसराईत नवरींना साडी नेसवायचं काम मी करते. त्या दिवशीची नवरी चुळबुळी होती, तिची आई तिच्याहून जास्त. मी निऱ्या धरल्या आणि सेफ्टी पिन लावायला गेले, तर पिन उघडेना. बोटं पिनेवर होती, दिसत होती, पण कोणती बोटं किती दाबतायत याचा पत्ता नव्हता. मी हसून म्हटलं, आज हात कामावर आलेले नाहीत. दुसऱ्यांदा दाबलं.

नवरीची आई एकदम म्हणाली, "ताई, रक्त!"

पिन माझ्या अंगठ्याच्या पेरात घुसली होती. चांगली आत. मला काहीच लागलं नव्हतं. मोतिया रंगाच्या साडीवर एक ठिपका पडला होता आणि त्या बाई मीठ आणा, पाणी आणा करत धावत होत्या. मी तिथेच अंगठ्याकडे बघत उभी राहिले. तो दुसऱ्याच कोणाचातरी असावा असं वाटत होतं. रुबीनाने माझ्या हातातून निऱ्या घेतल्या आणि नवरीला पूर्ण तयार करून पाठवलं.

"चालून दाखवा"

मीरा रोडच्याच एका हॉस्पिटलमध्ये गेलो, मी आणि सतीश. मला वाटलं होतं, एक पट्टा देतील, गोळ्या देतील. डॉक्टर तरुण होते आणि फारसे हसत नव्हते. त्यांनी हातोडीने गुडघे, कोपरं तपासली. मग म्हणाले, मूठ भराभर उघडा, मिटा. मी उघडली, मिटली. "अजून भरभर." मी म्हटलं, भरभरच करतेय की. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

मग फरशीच्या एका रेघेवरून पावलाला पाऊल लावून चालायला सांगितलं. ते दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना चालवतात तसं. मी चालले की झुकते हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. सतीशला हसू आलं, आणि मग डॉक्टरांचा चेहरा बघून ते गेलं.

एमआरआय झाल्यावर त्यांनी फोटो समोर लावला. मानेतून मेंदूची मुख्य नस खाली जाते, तिथे एका ठिकाणी जागाच उरली नव्हती. मणके झिजून, वाढून आत आले होते. नस चेपली होती.

"मान कोणाकडून मोडून वगैरे घेता का?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "ते आजपासून बंद. एक झटका चुकीचा बसला असता तर आज तुम्ही चालत आला नसतात."

"दोऱ्यामुळे झालं का हे?"

"एकट्या दोऱ्यामुळे नाही. जागा तुमची मुळातच अरुंद आहे. पण मान सतत पुढे ठेवून तुम्ही त्यात भर घातलीत."

ऑपरेशन लागेल का, हे सतीशने विचारलं. डॉक्टर म्हणाले, "आजच करा म्हणत नाही. बसणं-उठणं सुधारा, फिजिओकडे जा, झटके टाळा. बाईकवर मागे बसू नका. पण एक नीट ऐका. व्यायामाने हा दाब निघत नाही. हात जड झाले, चाल बिघडली, पायातली चप्पल निसटायला लागली, लघवीचा त्रास झाला, तर थांबायचं नाही. लगेच यायचं. गेलेली ताकद परत येतेच असं नाही."

सतीशला त्यातलं 'फिजिओकडे जा' एवढं ऐकू आलं. मला 'परत येतेच असं नाही' एवढंच. रिक्षातून घरी येताना तो प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरला सांगत होता, "भाई, धीरे. मरीज है." मला त्या शब्दाचा फार राग आला.

"सरळ बसू नका"

फिजिओच्या हॉलमध्ये पहिल्या दिवशी मी शहाण्या मुलीसारखी पाठ ताठ करून बसले. तिथल्या फिजिओ, केतकी मॅडम, समोर आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "सरळ बसू नका."

मी म्हटलं, "अहो, त्यासाठीच तर पैसे भरलेत."

"हे सरळ नाही, हे सावधान आहे. किती वेळ टिकेल? आधी तुम्ही एरवी कशा बसता ते तुम्हाला कळू दे. बदलायचं नंतर बघू."

मला ते पटलं नाही. पण त्यांनी दिलेला पहिला गृहपाठ तेवढाच होता. काही सुधारायचं नाही, फक्त बघायचं. भांडी घासताना वजन कोणत्या पायावर आहे? फोन कानाला लावताना फोन डोक्याकडे येतो की डोकं फोनकडे जातं? दातावर दात आहेत का? श्वास चालू आहे का? शेवटच्या प्रश्नाला मी हसले होते. मग पार्लरमध्ये एका बाईचं केस कापणं चालू असताना माझ्या लक्षात आलं की प्रत्येक कात्रीला मी श्वास अडवून धरतेय.

विसरायला होतं म्हणून खूण ठरवली. घरी कुकरची शिट्टी झाली की जिथे असेन तिथे थांबायचं आणि डोकं कुठे आहे ते बघायचं. पार्लरमध्ये दार उघडल्यावर वाजणारी घंटी. सुरुवातीला प्रत्येक शिट्टीला मी चोरासारखी सापडायची. कणीक मळताना खांदे कानांपाशी. ओट्याला पोट टेकवून सगळं वजन उजव्या पायावर. टीव्ही बघताना हनुवटी पुढे काढून, जणू मालिकेतल्या सासूला मीच उत्तर देणार आहे. भाजी निवडताना ताट मांडीवर आणि मान ताटात. ताट वर घेता येतं, खाली टेबल ठेवता येतं, हे इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. मला स्वतःची कीवही आली आणि हसूही आलं.

हळूहळू अंग आपणहून जागेवर यायला लागलं. ओढून ताणून नाही. पाय जमिनीला नीट टेकले की कंबर सुटते, कंबर सुटली की मान मागे येते, हे मी तुम्हाला शपथेवर सांगते. केतकी मॅडमनी गिऱ्हाइकाची खुर्ची उंच करायला लावली. "तुम्ही तिच्याकडे जाऊ नका, तिला तुमच्याकडे आणा." गळ्यातला फास मी बंद केला, रुबीनाचाही काढायला लावला. ती पुन्हा दातात दोरा धरते. हेतलबेननी नाक मुरडलं, मग त्याच म्हणाल्या, "चलेगा, तुम ठीक रहो बस."

दुखणं उतरलं. रात्री कुशीवर वळता यायला लागलं. ब्लाउजचे हूक मात्र रुबीनाच लावून द्यायची. दुकान उघडलं की ती माझ्या मागे येऊन उभी राहायची, बोलता बोलता हूक लावायची आणि कामाला लागायची. 

सगळे खूश

बिल्डिंगमधल्या बायका म्हणायला लागल्या, काय गं, उंच झालीस की काय. सतीशने माझा बाजूने फोटो काढला, जुना एका लग्नातला फोटो शोधला, दोन्ही शेजारी लावून म्हसळ्याच्या, म्हणजे माझ्या सासरच्या, ग्रुपवर टाकले. अंगठे आले, हात जोडलेले आले. कोणीतरी लिहिलं, ऑपरेशन वाचलं. तो ते मला दिवसभर वाचून दाखवत होता. मीही फोटोकडे बघून खूश झाले. खरंच छान उभी होते मी त्यात.

चप्पल

मेमधली गोष्ट. सकाळचे अकरा वाजून गेले होते, उन्हाने रस्ता तापला होता. मी मान सांभाळत, पाय नीट टेकवत, झोकात भाजीला चालले होते. कोपऱ्यावर चेणे गावाहून एक बाई भाजी घेऊन येते. तिने मला लांबूनच बघितलं आणि हातातली माठाची जुडी खाली ठेवली.

"ताई, एका पायात चप्पल न्हाय तुमच्या. पाय भाजत न्हाय का?"

मी खाली बघितलं. उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय डांबरावर उघडा होता.

मला वाटलं, आत्ताच निसटली असेल. मागे वळून बघितलं, जवळपास कुठे नव्हती. भाजीवालीने मला तिच्या गोणपाटावर बसवलं, तळव्यावर बाटलीतलं पाणी ओतलं. तळवा लाल झाला होता, टाचेपाशी फोड येत होता. पाणी गार आहे की कोमट, ते मला सांगता येईना. ती पुन्हा पुन्हा विचारत होती, "झोंबतं का?" मी हो म्हटलं, कारण नाही म्हणायची भीती वाटली.

चप्पल सोसायटीच्या गेटात होती. म्हणजे तिथून कोपऱ्यापर्यंतचा सगळा रस्ता मी एका पायाने अनवाणी चालले होते, आणि माझं सगळं लक्ष त्या वेळी माझ्याच शरीराकडे होतं. ते लक्षात आल्यावर मी गेटच्या कठड्यावर बसले आणि रडले. वॉचमन पाणी घेऊन आला, त्याला वाटलं फोड दुखतोय.

त्या दिवसानंतर मी वेगळ्या तऱ्हेने बघायला लागले. मान कुठे आहे ते आता आपोआप कळायचं. मग बाकीचं? आंघोळ करताना तोंडाला साबण लावून डोळे मिटले की मी भिंतीकडे कलत होते. अंधाऱ्या जिन्यात डावं पाऊल पायरीवर पडलं की नाही, हे खाली वाकून बघावं लागत होतं. रुपयाचं आणि दोन रुपयांचं नाणं पर्समध्ये हाताने ओळखू येईना. स्वतःकडे लक्ष द्यायला शिकले होते, त्याने ही वाईट बातमीही आधी मलाच कळायला लागली. बाहेरच्या कोणाला काही दिसत नव्हतं. त्यांना सरळ मानेची बाई दिसत होती.

डॉक्टरांकडे मी एकटीच गेले. त्यांनी पुन्हा मूठ, हातोडी, रेघेवर चालणं, सगळं केलं. मला आडवं करून डोळे मिटायला लावले आणि पायाचा अंगठा वर-खाली हलवून कुठे गेला ते विचारलं. डाव्या पायाचं मी चुकत होते. नवा एमआरआय बघून ते म्हणाले, "मान तुम्ही फार छान ठेवलीय. त्यामुळे दुखणं गेलं. दाब वाढतोच आहे. आता वाट बघू नका."

भाऊमामा

सतीश ऐकेना.

"दुखतंय का?" "नाही." "मान सरळ आहे ना?" "आहे." "मग कापायचं कशासाठी?" आमचं रोजचं भांडण इथूनच सुरू व्हायचं. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं, तेही तेच म्हणाले. तरी सतीशचं एकच. "त्यांना कापायचंच असतं."

त्याच्या या हट्टामागे म्हसळ्याचे भाऊमामा होते. सतीश लहान असताना त्यांच्या कण्याचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर ते खाटेवरून उठले नाहीत. सतीशने त्यांना भरवलंय, कूस बदलून दिलीय. त्याच्या डोळ्यासमोर ती खाट होती. मी समजूत घातली, ओरडले, अबोला धरला. एकदा मी म्हटलं, "तुला माझ्यापेक्षा त्या फोटोवर विश्वास आहे." तो म्हणाला, "त्या फोटोत तू उभी आहेस." 

सही माझी मीच केली असती. पण ऑपरेशननंतर मला उठवणार, बसवणार, न्हाऊ घालणार तोच. मनातून नाही म्हणणाऱ्या माणसाच्या हाती मला स्वतःला सोपवायचं नव्हतं. दिवस चालले होते. हुकांनंतर आता चमचा जड वाटायला लागला होता. वरण सांडलं की मी मुद्दाम काहीतरी विनोद करायची.

रविवार

रविवारी जेवणं झाली. सतीश पलंगावर पेपर वाचत लोळला होता. मी त्याच्या शेजारी आडवी झाले आणि पाय त्याच्याकडे केले.

"जरा उठून बस. माझ्या पायाचा अंगठा धर."

"आता हे काय नवीन?"

"डॉक्टरांनी केलं होतं ते. बाजूने धरायचा, दोन बोटांत. मी डोळे मिटते. तू वर कर नाहीतर खाली कर, मी ओळखते."

"पोरखेळ आहे."

"खेळ समजून कर."

त्याने उजव्या पायाचा अंगठा धरला. मी म्हटलं, वर. खाली. पुन्हा खाली. आता वर. सगळं बरोबर. तो हसला आणि म्हणाला, "फर्स्ट क्लास. काही झालेलं नाही तुला." कितीतरी दिवसांनी त्याच्या आवाजात एवढा आनंद होता. मला वाटलं, इथेच थांबावं.

"आता डावा," मी म्हटलं.

त्याची बोटं अंगठ्याला लागलेली मला कळली. पुसट, पण कळली. मी डोळे घट्ट मिटून घेतले आणि सगळं लक्ष तिथे नेलं, केतकी मॅडमनी शिकवलं होतं तसं. श्वास चालू ठेवला. जबडा सोडला. खाली मुलं क्रिकेट खेळत होती, कोणीतरी आऊट नाही म्हणून भांडत होतं. मी वाट बघत राहिले.

"कर ना सुरू," मी म्हटलं.

खालून पुन्हा मुलांचा ओरडा आला.

"सतीश, नुसता धरून काय बसलायस? हलव ना."

"हलवतोय," तो म्हणाला. आवाज ओळखू येत नव्हता. "विद्या, मी मघापासून हलवतोय."

मी डोळे उघडले. तो माझा अंगठा वर-खाली, वर-खाली करत होता, आणि त्याला थांबता येत नव्हतं.